मोजून वाढेन

अहो,

मी संध्याकाळच्या प्रार्थनेला गेले आहे, लवकरच येते. भाजी ओट्यावर झाकून ठेवली आहे, पण तोवर स्वतः वाढून घेऊ नका.

काल मी एकटीच तुमच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन आले. बटाटा, मटार आणि मका भाजीत धरायचे नाहीत, भाताच्या बाजूला धरायचे, हे आता नीट कळलं. पालेभाजी शिजलेली असेल तर अर्धी वाटी, कच्ची असेल तर पूर्ण वाटी. दोन्हींत साखर वाढवणारे कार्ब्स जेमतेम पाच ग्रॅम. बाई म्हणाल्या, "काकू, तुम्ही तर पाठच केलंत की!"

"तुझ्या हाताला मायेचं माप, मला ग्रॅमचं हवं," असं म्हणून तुम्ही आपलं ताट स्वतःच वाढून घेऊन आतल्या खोलीत जेवायला लागलात. थट्टेनं म्हणालात, ते कळतं मला. पण कुणाला तरी आपल्या हातानं वाढल्याशिवाय जेवायचं नाही, हा माझा रोजचा नेम तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून इतके दिवस मी खाली चौकीदारदादांना ताट वाढून येत होते. ते बिचारे मान खाली घालून "बास, ताई" एवढंच म्हणतात. मग मी वर येऊन एकटीच जेवते. आज सकाळीच ते गावी गेले.

तेव्हा आज स्वयंपाकघरात बसा. मी वाटीनं मोजूनच वाढेन, हवं तर काट्यावर तपासून बघा. जास्त झालं तर खुशाल ओरडा. निदान घरात आवाज तरी होईल.