पेल्यांत उरलेलं

३ जून

प्रिय ताईस,
भुऱ्याचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भाऊजींचा गुडघा जरा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. त्यांना म्हणावं, गच्चीवर चढून आता कोणाला दाखवायचंय? इकडे आम्ही नवराबायको ठीक. बारकीकडे शाळेच्या गणवेशांचं शिवण आलंय. पुढच्या खोलीत निळे झगे, मागच्या खोलीत आम्ही, आणि भिंतीपलीकडे चर्च. घंटा मी वाजवतो आणि दचकते ती, इतकी वर्षं इथे राहूनसुद्धा.

एक विचारायचं होतं. तू संडे स्कूलची बाई, बायबल तुझं तोंडपाठ. आमच्या नव्या पाळकसाहेबांनी मंडळीत अभ्यास घेतला की ख्रिस्ती माणसानं दारू मापात घ्यावी की अजिबात शिवू नये. केवढी जुंपली म्हणून सांगू! लाकडाच्या वखारीचे मालक आमच्या पंचमंडळीत आहेत. ते म्हणाले की नीतिसूत्रांत द्राक्षारसाला चेष्टेखोर म्हटलंय, विषय संपला. पाळकसाहेबांनी शांतपणे दहा ठिकाणची वचनं काढून दाखवली. शेवटी हात वर करून ठरलं, मापात चालतं. मग प्रभुभोजनात भाकरीबरोबर वाटायलाही मनुका भिजवून काढलेला रस कशाला, खरा द्राक्षारसच आणायचा, हेही ठरलं. वखारवाल्यांचा बाक फुगून बसला.

मी मागे खुर्च्या लावत होतो. राखणदाराला कोण विचारतंय! म्हणून तुला विचारतो. मापात घेतली तर देवाला चालते का? सविस्तर लिही.

बारकीचा सलाम. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझा,
भुऱ्या


१४ जून

चि. भुऱ्यास,
अ. उ. आ.

तू आणि असला प्रश्न! शाळेत तर बायबलच्या तासाला खिडकीतून उडी मारायचास.

ऐक. पापच असतं तर आपल्या प्रभूनं काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस करून रांजणच्या रांजण भरून का दिले? पौलानं तीमथ्याला लिहिलं, नुसतं पाणी पिऊ नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. मनाई आहे ती झिंगण्याला. मी आणि तुझे भाऊजी रविवारी जेवताना छोटा ग्लास घेतो. त्यावरून आमचं एकच भांडण होतं, ग्लास कोणी धुवायचा. हॉस्पिटलात माझ्या वॉर्डातल्या दुसऱ्या नर्सबाईंना हे पटत नाही. त्या घेत नाहीत, मी त्यांना हसत नाही आणि त्या मला नरकात पाठवत नाहीत.

लग्नाआधी तू थोडी घ्यायचास हे मला ठाऊक आहे. सोडलीस ते उत्तमच केलंस. पण प्रभूच्या मेजावरचा घोट म्हणजे गुत्ता नव्हे. देवापेक्षा सोवळा होऊ नकोस. बिनधास्त घे.

बारकीला म्हणावं, डोळ्यांना जप. आठवण ठेवतोस, अशीच ठेवत जा.

तुझी,
ताई


९ ऑगस्ट

प्रिय ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे. पण मी तुला अर्धंच विचारलं होतं.

तुला वाटतं मी थोडी घ्यायचो. ताई, मी थोडी कधीच घेतली नाही. माझ्या अंगात थोडी नावाचं मापच नाही. छापखान्यातली नोकरी मी सोडली असं तुला कळवलं होतं. सोडली नव्हती, मला यंत्राखालून ओढून काढून हाकललं होतं. बारकीनं मला कुठून कुठून उचलून आणलं ते ती कधी बोलत नाही. आमचे जुने पाळकसाहेब, देवाघरी गेले ते, त्यांना सगळं माहीत होतं. राखणदार व्यसनात कधी न पडलेला असावा हा इथला नियम. ते गप्प राहिले आणि मला या दोन खोल्या दिल्या. तेव्हापासून मी एक थेंब घेतलेला नाही.

आता अडचण ऐक. प्रभुभोजनात उरलेलं मोरीत ओतायचं नाही, पेले विसळणाऱ्यानं ते पिऊन टाकायचं, ही इथली जुनी रीत आहे, आणि विसळणारा मी. मनुकांचा रस मी इतकी वर्षं आनंदानं प्यायलो. आता खरा द्राक्षारस. त्यात वखारवाले आणि त्यांच्या बाजूचे लोक भाकर घेतात आणि निषेध म्हणून पेला तसाच ठेवतात. तबक निम्मं भरलेलं परत येतं! बाजूला पाळकबाई कापडाच्या घड्या घालत उभ्या. ओतून द्यावं तर त्यांच्या देखत आणि देवाच्या देखत. मी पाळकसाहेबांना भीत भीत विचारलं, झाडाखाली ओतलं तर? ते हसून म्हणाले की एवढंसं पोटात गेल्यानं काय होतंय, मापात चालतं हेच तर आपण ठरवलं. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, का रे, तुला कसली भीती? मी तबक उचलून चालू लागलो. खरं सांगितलं तर खोल्या गेल्या, बारकीचं शिवण गेलं.

पहिल्या वेळी हातात पेला धरून मी तसाच उभा होतो. बारकी आली, मला म्हणाली की तुम्ही खिडक्या लावून घ्या, हे बायकांचं काम आहे. तेव्हापासून तीच विसळते. घोट माझ्यापुढे येतो तेव्हा मी नुसता ओठ लावतो.

हे कोणाजवळ बोलणार नाहीस असा शब्द दे. माझी लाज तुझ्या पदरात टाकली आहे, सांभाळ.

तुझा,
भुऱ्या


२० ऑगस्ट

चि. भुऱ्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि परातीतली कणीक तशीच राहिली. इतकं सोसलंस आणि मी ‘बिनधास्त घे’ म्हणून लिहिलं! माझ्या जिभेला काही हाड? तुझ्यामाझ्यात एवढी लाज कुठून आली रे?

रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो, भावाला ठेच लागणार असेल तर आपण द्राक्षारस न घेतलेलाच बरा. हे मी मुलांना दर वर्षी शिकवते आणि तुला लिहिताना तेवढंच विसरले. तुझ्या पाळकसाहेबांनी दहा वचनं काढली त्यात हे होतं का, विचार. नको, विचारू नकोस. त्यांना सांगून टाक असं माझं मत आहे, पण तू शब्द मागितलास, तो दिला.

तुझ्या बायकोच्या पायांचे मुके घ्यायला हवेत. तिनं तुला दोनदा वाचवलं. तिच्या जिवावर तू निर्धास्त राहा. आता मलाही झोप लागेल.

दोघांना पोटभर माया.

तुझी,
ताई


५ नोव्हेंबर

प्रिय ताईंस,
बारकीचा सलाम, वि. वि.

मी तुम्हाला कधी वेगळं पत्र लिहीत नाही, म्हणून दचकू नका. त्यांची तब्येत छान आहे. उत्तरात यातलं काही लिहू नका, घरी आलेली पत्रं तेच उघडतात.

मी त्यांना वाचवलं असं तुम्ही लिहिलं होतंत. ते पत्र त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी काजं करत होते, मान वर केली नाही.

पहिल्या वेळी नाक दाबून प्यायले. घसा जळला, घरी येऊन वांती झाली. पुढच्या वेळी झाली नाही. मग एका रविवारी गाणी चालली असताना माझं लक्ष वखारवाल्यांच्या बाकाकडे गेलं. तो रिकामा होता, घरात कोणी आजारी होतं म्हणे. मला पहिल्यांदा मनात आलं ते हे की आज पेले रिकामेच परत येणार. आणि मला राग आला. देवाच्या घरात बसून, आजारी माणसावर राग आला!

बाटल्यांच्या कपाटाची किल्ली आमच्याच खिळ्याला असते. परवा ते घंटेचा दोर बदलायला वर गेले होते. मी कपाट उघडलं. मापातच घेतली. मग पुन्हा मापात घेतली. त्यानंतर शिवलेल्या झग्याची बाही उलटी लागली, ते म्हणाले की तू दमतेस, आणि मला चहा करून दिला.

त्यांना कळलं तर ते पेले माझ्या हातातून काढून घेतील, मला सोडवायला. मीही त्यांना सोडवायलाच घेतले होते. म्हणून सांगता येत नाही. पाळकबाई तर म्हणतात, किती मनोभावे विसळतेस.

ताई, तुम्हाला बायबल येतं. मापात चालते असं आहे ना? ते माप कोणी ठरवायचं, हे कुठे लिहिलंय का तेवढं शोधा.

मला टाकू नका.

तुमची,
बारकी


१२ नोव्हेंबर

चि. भुऱ्यास,
अ. उ. आ.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मी तिकडे येते आहे. भाऊजी येत नाहीत, गुडघ्यानं पुन्हा मान टाकली.

मी तुला दिलेला शब्द मोडणार आहे. आल्याबरोबर पाळकसाहेबांकडे जाणार आणि तुझी सगळी हकिगत सांगणार, छापखान्यापासून. रागाव, माझ्याशी अबोला धर, मी सोसेन. खोल्या गेल्या तर आमची वरची खोली रिकामी आहे. बारकीचं मशीन खिडकीपाशी छान बसेल. एकदम असं काय झालं हे विचारू नकोस. विचारलंस तरी मी सांगणार नाही.

तुला लिहिलं होतं ते सगळं बायबलमध्ये अजून तिथेच आहे, एक अक्षर हललेलं नाही. पण रविवारचा ग्लास मी कपाटात ठेवून दिला. भाऊजींनी विचारलं, कोणतं वचन सापडलं? म्हटलं, वचन नाही, माणसं सापडली. त्यांनी स्वतःचा ग्लासही नेऊन ठेवला.

बाटल्यांच्या कपाटाची किल्ली आजच पाळकबाईंना देऊन ये. खिळा भिंतीतून निघतोय, पाहुणे येतायत, काय वाटेल ते कारण सांग, पण आजच दे.

हे पत्र बारकीला मोठ्यानं वाचून दाखव. तिला म्हणावं, त्या रविवारी पेल्यांना हात लावायचा नाही, बाकावर माझ्या शेजारी बसायचं, माझा हात धरून. पेले मी विसळणार. उरलेलं सगळं चर्चच्या दारातल्या झाडाच्या मुळाशी ओतणार, पाळकबाईंच्या देखत, वखारवाल्यांच्या देखत. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन.

तुम्हा दोघांवरचा जीव तसूभर कमी झालेला नाही. दोघांवरचा.

तुझी,
ताई