भिंग्याच्या शर्यतीत माझी मदत

४ जानेवारी
शेजारचा चष्मेवाला भिंग्या डोंगरातली पन्नास किलोमीटरची शर्यत पळणार. ट्रेल अल्ट्रा म्हणतात. पहिलीच. वय सेहेचाळीस. मला म्हणाला, तू माझा क्रू हो. म्हणजे ठरलेल्या चौक्यांवर थांबायचं, त्याला खायला-प्यायला, कोरडे मोजे आणि धीर द्यायचा. धीर देण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.
संकल्प: उद्यापासून मीही पहाटे उठणार. क्रूने फिट असावं.

५ जानेवारी
उठलो नाही. शर्यत त्याची आहे.

११ जानेवारी
भिंग्या माझ्या दुकानात आला. गिऱ्हाईक लायसन्स लॅमिनेट करायला थांबलं होतं, त्याच्यासमोरच बोलायला लागला. गाण्याचा क्लास सोडला, जिम सोडलं, कॉलेज तर दोनदा सोडलं. परवा मुलीने (वय नऊ) विचारलं, बाबा, हे कधी सोडणार? म्हणाला, हेही अर्धवट राहिलं तर पोरीला तोंड दाखवता येणार नाही. मी म्हणालो, मी आहे ना. त्याचे डोळे भरून आले. गिऱ्हाइकाचेही. लायसन्स जरा तिरकं चिकटलं.

२० जानेवारी
भिंग्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, शर्यतीचं नियमपत्रक दिलं. आठ पानं, बारीक टाइप. म्हणाल्या, भाऊजी, नीट वाचा, तुमची सवय मला माहीत आहे. कोणती सवय, ते विचारलं नाही.
पहिलं पान वाचलं. छान लिहिलंय. मग आठही पानं लॅमिनेट केली, भोक पाडलं, गळ्यात अडकवायला दोरी लावली. आता पाऊस आला तरी भिजायची नाहीत. नियमांची एवढी काळजी दुसऱ्या कुठल्या क्रूने घेतली नसेल.

२ फेब्रुवारी
बायकोने विचारलं, वाचलंत का ते? म्हणालो, सतत जवळ असतं.

१५ फेब्रुवारी, सकाळी
सुटले सगळे. भिंग्या सर्वांच्या मागे, पण रुबाबात. मी गाडीने पहिल्या चौकीवर. इथे येण्याआधी त्यांना ओढा ओलांडावा लागतो, म्हणून मोजे. पिशवीत मोजे, केळी, लिंबूपाणी, उकडलेले बटाटे. बटाटे अजून गरम आहेत. एक खाऊन बघितला. खेळाडूच्या तोंडी जाणार, तपासायला हवा.

दुपारी
गाडीत डोळा लागला. फार नाही. तेवढ्यात भिंग्या येऊन गेला म्हणे. चौकीवरच्या बाई म्हणाल्या, बऱ्याच हाका मारल्या त्याने, मग ओल्या मोज्यांवरच निघाला. बटाटेही सगळे तपासून झालेत.
एका परीने बरंच झालं. माणसाला स्वावलंबनाची सवय हवी.
नाही, फार वाईट वाटतंय. केळंसुद्धा गोड लागेना.

दुपारी, नंतर
शेवटच्या चौकीवर आलो. चौकी बंद व्हायची वेळ होत आली, भिंग्याचा पत्ता नाही. म्हटलं, सकाळची भरपाई आत्ताच करायची. उलटा डोंगर चढून गेलो. मी! बायकोला सांगितलं तर पटणार नाही.
भिंग्या एका दगडावर बसला होता. टाचेची साल गेलेली. म्हणाला, सोडतो रे. मी त्याला लिंबूपाणी पाजलं, केळं भरवलं, त्याची बॅग पाठीवर घेतली आणि धरून उठवलं. तो नको, नको, इथे नको म्हणत होता. दमलेला माणूस नकोच म्हणतो. चौकी दिसायला लागली तेव्हा माझा खांदा भरून आला, म्हणून बॅग त्याला परत दिली. वेळेत पोचला. पुढे लंगडत एकटा गेला.
सकाळचं फिटलं. हलकं वाटतंय.

संध्याकाळी
पोचला. शेवटून पहिला, पण पोचला. गळ्यातलं मेडल लगेच काढून त्याने मुलीच्या गळ्यात घातलं. वहिनी रडल्या. मला माइकवर बोलावलं, क्रूने दोन शब्द बोलावेत. मी जरा जास्त बोललो. डोंगर कसा चढलो, लिंबूपाणी, केळं, बॅग, सगळं. चढ थोडा वाढवून सांगितला.
टाळ्या कमी पडल्या.
गळ्यात शिटी असलेल्या संयोजक बाई आल्या. माझ्याच गळ्यातलं नियमपत्रक हातात घेतलं, पाचवं पान काढलं, बोट ठेवलं. चौकीबाहेर मदत घेतली तर शर्यत बाद. लॅमिनेशनमुळे अक्षरं अगदी स्वच्छ दिसत होती. त्यांनी भिंग्याला विचारलं, खरं आहे? तो म्हणाला, हो.
मेडल मुलीनेच काढून दिलं.
भिंग्या मला एवढंच म्हणाला, गाडी कुठे लावलीस?

१६ फेब्रुवारी
नियम चुकीचा आहे. संयोजकांना कडक पत्र लिहायला घेतलं. दुसऱ्या वाक्यात मीच दोषी ठरायला लागलो. फाडलं.

१७ फेब्रुवारी
वहिनींनी बायकोला सांगितलं, मुलगी शाळेत सांगते, बाबा पूर्ण पळाले, पण काकांमुळे धरलं नाही. जेवण गेलं नाही. म्हणजे थोडंच गेलं.

१९ फेब्रुवारी
माफी मागायला भिंग्याच्या दुकानात गेलो. धीर झाला नाही. म्हणालो, डोळे तपास. त्याने नीट तपासले. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ वाचायला लावली. घडाघडा वाचली. म्हणाला, वाचायला येतं की तुला. पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर बरं झालं असतं.

२१ फेब्रुवारी
आज भिंग्या स्वतः आला. स्टुलावर बसला, पाय लांब केला. विचारलं, पहिल्या चौकीवर कुठे होतास? म्हणालो, गाडीत झोपलो होतो. बटाटे? खाल्ले. मग तो डोंगर चढून कशाला आलास? म्हणालो, वाईट वाटलं म्हणून.
तो म्हणाला, मी सोडतो म्हणालो होतो, पण सोडणार नव्हतो. पाच मिनिटं बसून उठलो असतो. पुन्हा नाव घालतोय. क्रू मुलगी आणि तिची आई. तुला वाईट वाटलं तर बसल्या जागी वाटून घे.
गेला.
दुपारपासून बसून आहे. उठून त्याच्याकडे जावंसं चारदा वाटलं. गेलो नाही. ही मदत फार अवघड आहे.