किल्ली नवरीच्या हातात

आबा,

दुकान चालू आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पुढचं काही ऐकूनच घेणार नाही. इंदापुरात आहे त्याच जागेवर आहे. दाराला काचा आल्या, आत एसी आला, आणि सोफ्यावर बसून आपलं गिऱ्हाईक आपल्यालाच मोबाईलवर दुसऱ्यांचे सोफे दाखवतं. तात्यांचा मुलगा आता माझ्याबरोबर गल्ल्यावर बसतो. पोरगा गुणी आहे, पण घाई फार. आज सकाळी मला म्हणाला, "आक्का, ही नवरीला दुकानात बोलवायची भानगड आता बंद करू. लोकं हसत्यात." मी म्हटलं, हसू देत. आबांनाही हसलेच होते. त्यावर तो बिलबुक चाळायला लागला, पण त्याला पटलेलं दिसलं नाही. म्हणून दुपारी दुकान रिकामं होतं तेव्हा हे लिहायला बसले.

दुकानाची सुरुवात गाद्या-उशांपासून झाली, हे त्याला ऐकून माहीत आहे. मी पाहिलेलं आहे. मी शाळेतून यायची तेव्हा तुमच्या भुवयांवर आणि मिशीवर कापूस बसलेला असायचा, आणि त्या अवतारात तुम्ही गिऱ्हाइकाशी अगदी गंभीर चेहऱ्यानं बोलायचात. मग लोखंडी पलंग आले, मागोमाग आरशाची कपाटं. नव्वदच्या दशकात तर ऊस कारखान्याला गेला की घरोघरी लग्न निघायचं, आणि लग्न निघालं की बाप पहिला आपल्या दारात यायचा. कपाट, पलंग, गादी, ड्रेसिंग टेबल. ट्रॉलीत खाली गाद्या, त्यावर कपाट आडवं, आरसा वर. शेळगावपर्यंत त्या आरशात आभाळ दिसत जायचं. तुम्ही रस्त्यापर्यंत ट्रॉलीच्या मागं जायचात आणि ड्रायव्हरला ओरडून सांगायचात, "हळू रं, पोरीचा संसार हाय त्यो!"

माझं लग्नही त्याच दिवसांतलं. बारामतीचं स्थळ, चांगलं घर, असं सगळे म्हणत होते. दुकानातलं सगळ्यात देखणं कपाट तुम्ही मला दिलंत. पाठवणीच्या वेळी मी तुमच्या शेजारी उभी आहे, मुंडावळ्या डोळ्यांवर येतायत, आणि तुम्ही दोन्ही हातांनी कपाटाची किल्ली माझ्या सासऱ्यांच्या हातात देताय. "तुमच्या घरची वस्तू, तुमीच सांभाळा." मला तेव्हा काही वाटलं नाही. रीतच तशी होती. ती किल्ली त्याच रात्री सासूबाईंच्या कमरेला गेली, आणि पुढं माझीच साडी नेसायला मला त्यांच्यापुढं उभं राहावं लागे. माहेरी जाते म्हटलं की किल्ली सापडायची नाही. बाकीचं काय काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. एक दिवस मी एका पिशवीनिशी एसटीतून उतरले. कपाट तिकडंच राहिलं.

तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. आई स्वयंपाकघरात रडत होती आणि तुम्ही चहा फुंकत म्हणालात, "उद्यापासनं दुकानात ये. गादी बघायला बायका येत्यात, त्यांच्याशी तू बोल." त्याच लग्नसराईत तुमचं ते नवीन सुरू झालं. गिऱ्हाईक कपाट पसंत करायचं आणि तुम्ही म्हणायचात, "आता पोरीला घेऊन या. किल्ली तिच्याच हातात देणार." लोक आधी हसले, मग कुरकुरले, मग आणायला लागले. मुली लाजत यायच्या, बरोबर मावश्या, आत्या. तुम्ही नवरीला कपाटापुढं उभं करायचात. "उघड. आता लाव. परत उघड." नवं कुलूप अडतं, तिला दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो, आणि ते खटकन उघडलं की आत्याबाई हसतात, पोरगी मात्र हसत नाही. ती किल्लीकडं बघत असते. मी ते चेहरे पुष्कळ पाहिले आहेत.

मग तुमचं उजवं अंग गेलं. तुम्ही मागच्या खोलीत खाटेवर, आणि पुढं मी. तात्यांनी सरळ सांगितलं, "बाईमाणसानं ह्यो डोलारा किती दिवस रेटायचा? ही लग्नसराई बघतो. न्हाय जमलं तर जागा टीव्हीवाल्याला भाड्यानं देतो." जागा तुम्हा दोघा भावांची, त्यामुळं तोंड उघडायची सोय नव्हती. माझ्याकडं दुकानाशिवाय दुसरं काहीच नव्हतं, आबा. ना नवरा, ना शेत, ना नोकरी होईल एवढं शिक्षण.

आणि त्याच लग्नसराईत ते बावड्याचे व्याही आले. सामान घेतलं होतं मुलीच्या बापानं, शेळगावच्या. हंगामातली सगळ्यात मोठी खरेदी, सोफ्यासकट. पण उचलायला आला नवऱ्या मुलाचा बाप, स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन. मुलीचा बाप त्याच्या मागं टोपी हातात धरून उभा.

"किल्ली द्या बाई. ऊन व्हायच्या आत निघायचं हाय."

"नवरी कुठं हाय?" मी विचारलं.

"नवरीचं हितं काय काम? सामान माझ्या घरला चाललंय."

"तिच्या हातात किल्ली दिल्याबिगर आमच्या दुकानातनं कपाट हलत न्हाय."

"मग ऱ्हाऊ द्या तुमचं कपाट! बारामतीत काय दुकानं कमी हायती व्हय?"

तात्या धावत आले. "अगं दे की! लक्षुमी दारातनं परत घालवतीस?" आणि तेवढ्यात मागच्या खोलीतून तुमचा आवाज. जड जिभेनं, पण सगळ्यांना कळेल असा. "दे. दिऊन टाक त्यास्नी."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. नियम तुमचा. त्या नियमाच्या बळावर मी त्या माणसापुढं उभी होते, आणि तुम्हीच पायाखालची जमीन काढून घेत होता. मी किल्ली कमरेला खोचली आणि मागं न बघता म्हणाले, "आबा, तुमी गप बसा." जन्मात पहिल्यांदा. आवाज हलला नाही. ट्रॅक्टर रिकामा गेला. तात्या म्हणाले, "झालं! आता शटरच वढा." आणि तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत.

मुलीचा बाप मात्र गेला नव्हता. तो आपल्याच लेकीसाठी शिवलेल्या गादीवर टेकला आणि बराच वेळ टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, "सामान अजून माझंच हाय न्हवं? आणतो पोरीला." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो तिला घेऊन आला, तिच्या आजीलाही. मी म्हटलं, "उघड. आता लाव. परत उघड." तिनं किल्ली पोलक्यात ठेवली. लग्न मोडलं नाही. सासरा वरातीत फुगून बसला होता म्हणे, पण जेवला भरपेट. आणि त्या आजीनं शेळगावात काय सांगितलं कोण जाणे, महिनाभर बायका घोळक्यानं येत राहिल्या. तात्यांनी पुन्हा टीव्हीवाल्याचं नाव काढलं नाही.

तुम्ही त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाहीत. पुढची लग्नसराई तुम्ही पाहिलीच नाही. मला राग आला होता, आबा. अजूनही येतो. दुकान गेलं तर हिचं काय, या भीतीनं तुम्ही म्हणालात हे मला कळतं. कळलं म्हणून राग जात नाही. मी आहे तोवर किल्ली नवरीच्याच हातात जाईल, तुमची परवानगी असो नसो. हे तात्यांच्या मुलालाही संध्याकाळी सांगणार आहे, आणि त्याला पटलं नाही तरी करावं लागेल.

आता एकच. गावात सगळे सांगतात की आबांनी लेकीसाठी हा नियम केला. मीही मान हलवते. पण तुम्ही ते कधी बोलला नाहीत, आणि मी कधी विचारलं नाही. तुम्ही नुसतं म्हणाला असतात, "न्हाय गं, बायका दुकानात याव्या म्हणून केलं," तर मी त्या दिवशी ट्रॅक्टर परत पाठवू शकले नसते. तुम्ही गेलात तिथला पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. तुम्ही उत्तर दिलं असतं.