नावाड्याची बायको आणि बारा माइक

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

नाही हो, ऐकायला नाही जात. गायला जाते. दर मंगळवारी अकरा ते एक, चर्चच्या मागच्या हॉलमधे. आम्ही बारा जण, सगळे साठीच्या पुढचे. इंग्रजांची जुनी गाणी म्हणतो. पाठ असेल तरच म्हणायचं, कागद चालत नाही. इंग्लंडातल्या या अख्ख्या बेसिंगस्टोकमधे एवढी एकच गोष्ट आमच्या गावच्या शाळेसारखी आहे.

तिळगूळ नेला. आमच्यातल्या कीथचा दात हलला.

हेझलबाई आमची म्होरकी, भूगोलाची रिटायर्ड मास्तरीण. आज सगळ्यांसमोर म्हणाली, द्वारका, यू ब्लेंड सो ब्यूटिफुली, तुझा आवाज वेगळा म्हणून कधी ऐकूच येत नाही. एवढं कौतुक गावातसुद्धा झालं नव्हतं. आणि गावात माझा आवाज प्रसिद्ध होता.

शेजारी योना. वय शहात्तर, अलिबागकडचे ज्यू, विशीत इकडे आले. मराठी तेव्हाचंच राहिलंय. बसला मोटार म्हणतात, ऑफिसला कचेरी. उजवा कान गेलाय. मी उजवीकडेच बसते. म्हणजे गाणं चालू असताना मनात येईल ते बोलता येतं.

संकल्प: वर्षभर गोड बोलायचं.

२१ जानेवारी, मंगळवार

गोड बोलणं तूर्त स्थगित. कारण ईडन.

ईडन योनांची नात. बावीस वर्षांची, नाकात कडी, काखेत लॅपटॉप. जुन्या गाण्यांना नवा श्वास देते म्हणे. गाणी काय व्हेंटिलेटरवर होती?

आमचं ‘नावाड्याची बायको’ तिनं नवं करून ऐकवलं. मूळ गाण्याला अठरा कडवी. नावाडी नदीपार जातो, तिसऱ्या कडव्यात बुडतो, उरलेली पंधरा कडवी बायको रोज संध्याकाळी धक्क्यावर घंटा वाजवते. कसं व्यवस्थित! हिनं चारच कडवी ठेवली. नावाडी बुडतच नाही. मिसिंग आहे. शेवटी बायको स्वतः होडी चालवायला घेते. लायसन कुठंय? मागे पिठाच्या गिरणीसारखी धडधड, आणि मधेच स्टेशनवरची बाई सांगते, प्लॅटफॉर्म टू.

नवरा गेला की तो मिसिंग नसतो, गेलेला असतो. हे पोरीला कोण सांगणार? आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली. मी कुठली होडी चालवली?

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाच मेला मैदानावर जत्रा असते, फेट म्हणतात. तिथं आम्ही बाराही जणांनी ईडनचं गाणं म्हणायचं, असं ठरतंय. आधी रेकॉर्डिंग. प्रत्येकाच्या तोंडापुढे वेगळा माइक. मग मशीन एकेकाचा आवाज सुटा करणार आणि पुन्हा एकावर एक रचणार.

मी कडाडून विरोध केला. म्हटलं, माणसाचा आवाज म्हणजे काय जोंधळे आहेत, सुपात घेऊन पाखडायला? हेझल म्हणाली, लव्हली इमेज. आणि मत ईडनला दिलं. अकरा विरुद्ध एक. योनांनीसुद्धा हात वर केला. म्हटलं, घरभेदी! ते म्हणाले, काय? उजवा कान.

माझा प्रश्न तत्त्वाचा आहे. बाकी काही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

निषेध म्हणून गेले नाही.

तर सूनबाई लगेच म्हणाल्या, आई, मंगळवार मोकळा असेल तर रेडिंग शहरातल्या ज्येष्ठांच्या सेंटरला नाव घालू का, खुर्चीवरचा योगा असतो. एकदा गेले होते. बायका हात वर करतात नि गुडघ्यांबद्दल बोलतात. हात खाली केले तरी गुडघेच. निवेदिताला म्हटलं, अजून मेले नाही गं मी. तर मुलगा, श्रीनिवास, लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणतो, आई, तू दिवसभर घरात असलीस की आम्हालाच टोचतेस. मंगळवारी कुठेतरी जायलाच पाहिजे. हॉल नाहीतर रेडिंग.

म्हणजे हॉलच. मशीनशी आतून लढायचं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

रेकॉर्डिंग होतं. माझा घसा. ज्येष्ठमध चघळत बसले. ईडन म्हणाली, नो वरीज, तुझ्यासाठी थांबू. कशाला थांबतेस, बाई.

११ मार्च, मंगळवार

पुन्हा रेकॉर्डिंग. म्हटलं, आज माझी एकादशी, एकादशीला मशीनवर गात नाही. योना म्हणाले, द्वारकाबाई, मागच्या मंगळवारीपण एकादशीच होती. म्हटलं, थंडीच्या देशात लवकर लवकर येतात.

१८ मार्च, मंगळवार

निर्णायक पाऊल उचललं. सगळे जण कोट खुंटीला अडकवत असताना हळूच मशीनचा प्लग काढला.

तो चहाच्या बंबाचा निघाला. सगळ्यांनी कोमट पाण्यातला चहा घेतला आणि कुणी तक्रार केली नाही. इंग्रज.

१ एप्रिल, मंगळवार

दुकानात आपल्या मराठी मंडळाची नीना भेटली. काय करता हो काकू दिवसभर, असं त्या सुरात विचारलं. ज्या सुरात विचारतात तो सूर. म्हटलं, पाच मेला मैदानावर माझं सोलो आहे.

तोंडातून निघून गेलं. आणि निघालं ते बरंच झालं. तिनं तिथंच मंडळाच्या व्हॉट्सॲपवर टाकलं. सत्तावीस माणसं येतो म्हणाली. आपल्या लोकांना तरी कळू दे खरा आवाज काय असतो.

८ एप्रिल, मंगळवार

झालं एकदाचं रेकॉर्डिंग. सबबी संपल्या होत्या, म्हणून नव्हे. मी मोठ्या मनानं तयार झाले.

नेहमीसारखीच गायले. छानच. योनांच्या उजवीकडे बसून. मधे मधे मनातलं बोलले, तेही नेहमीसारखंच. सवयच ती. माइक समोर होता हे ध्यानात राहिलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

ईडननं बारा आवाज सुटे करून आणले होते. अकरा जणांचे ऐकवले. कीथ फाटका लागतो, मी आधीपासून सांगत होते. मग तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, द्वारका, तुझ्या माइकवर गाणं नाहीये. नुसत्या बांगड्या वाजतायत आणि कुणीतरी कुजबुजतंय. ग्रँडपा, ही काय म्हणतेय?

आणि हेडफोन योनांच्या डोक्यावर. डाव्या कानात सगळं स्वच्छ.

चार मिनिटं ऐकलं त्यांनी. तोंडावर काही नाही. मी चहाचे कप मोजत होते. सोळा आहेत. मग हेडफोन काढून नातीला म्हणाले, शी इज प्रेइंग. बुडालेल्यांसाठी प्रार्थना करतेय.

हेझलनं डोळे पुसले.

वाचले! माइक खराब असणार. किंवा मी नेमकी त्या वेळी श्वास घेत असेन. चार मिनिटं म्हणजे मोठा श्वास, पण आमच्याकडे घ्यायचे पूर्वी.

२२ एप्रिल, मंगळवार

वाचले नाही. ईडनला प्रार्थना इतकी भिडली की तिनं ती गाण्याच्या शेवटी घातलीय. बाकी सगळे गप्प होणार, मागे घंटा, आणि एकटी मी, मोठ्या स्पीकरवर. ती म्हणते, हाच तुझा सोलो. काढ म्हणावं तर का काढ ते सांगावं लागेल.

शिवाय योनांनी खुर्ची बदलली. आता मी त्यांच्या डावीकडे. म्हणाले, तिकडे ऊन लागतं. एप्रिलमधे, हॉलच्या आत, ऊन!

दोन तास एक शब्द बोलता आला नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, कार्यक्रम रद्द, पाऊस आहे. सूनबाईंनी खाली लिहिलं, आई मॉडेस्ट आहेत, कार्यक्रम आहे, ऊन आहे. आता चौतीस जण येतायत. नीना वडे आणतेय.

५ मे, सोमवार. सकाळ.

मन शांत. मोकळं मैदान, वारा, पोरांचा कलकलाट, कुणाला काय कळणार आहे? जांभळी इरकल नेसलेय. सगळं नीट होणार.

५ मे. संध्याकाळ.

वारा पडला होता.

चौतीस जण पुढेच सतरंज्या टाकून. चार कडवी झाली. कुणी वाईट म्हणालं नाही. मग घंटा, आणि स्पीकरमधून मी. अख्ख्या मैदानावर.

कीथ म्हणजे कुकरची तिसरी शिट्टी. हेझलबाई हात हलवतेय की कोंबड्या हाकलतेय? खुर्चीवरचा योगा सूनबाईंनीच करावा, बसूनच तर असते. मग बांगड्या. मग हळूच, देवा, या बहिऱ्याला अजून दहा वर्षं ठेव, मंगळवारी मला दुसरं कोण आहे.

हे शेवटचं मी बोलले होते हे मला माहीतच नव्हतं. योनांना तीन आठवडे माहीत होतं.

हे सगळं चार वेळा वाजलं. मशीन ते, फिरवून फिरवून वाजवतं. इंग्रज माना खाली घालून उभे, प्रार्थना चाललीय म्हणून. आपली चौतीस माणसं सतरंजीवर लोळत होती. श्रीनिवास तर डोळे पुसत होता. निवेदिता हसत नव्हती, मग तिसऱ्या वेळी तीपण हसली. म्हणाली, बसूनच असते काय मी? बघतेच आता.

मग नीना वड्याचा हात वर करून ओरडली, काकू, आता खरंच म्हणा! सगळे टाळ्या वाजवायला लागले. ईडननं माइक हातात दिला.

उभी राहिले. तोंड उघडलं. पहिलं कडवं पूर्ण म्हटलं, शब्द न् शब्द, हात छातीशी धरून. मैदानावर चिडीचूप. मागून श्रीनिवास ओरडला, आई, माइक बंद आहे!

योना माझ्या शेजारी होते, डावा कान माझ्याकडे. हळूच म्हणाले, माइक चालू आहे, द्वारकाबाई.

तिसरीत असताना पंधरा ऑगस्टच्या आधी गुरुजींनी मला रांगेतून बाहेर काढलं आणि सांगितलं, पोरी, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून हलवतेय. लग्नात, बारशात, हॉलमधे. श्रीनिवासला थोपटून झोपवला, गाऊन कधी नाही. ह्यांच्या शेजारी उभं राहून एकेचाळीस वर्षं आरती केली, ह्यांनासुद्धा कळलं नाही.

मला गाता येत नाही.