उलटा झ

प्रिय आई,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार.

तू कधी या शहरात येऊन गेलीस का? नाही, हे मला ठाऊक आहे. मग इथे काय घडतंय, ते ऐक.

मी बरी आहे. प्रयोगशाळेतलं पाणी तपासायचं काम जमतंय. पदवी घेतली, पण एकही कादंबरी वाचली नाही, याची लाज वाटायची. म्हणून महिनाभर वाचनालयातून कादंबऱ्या आणते आहे. तीन झाल्या. परक्या माणसांसाठी इतकं रडू येतं, हे माहीत नव्हतं.

तिन्हींच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं. ‘झोप आता.’ ‘माझं ऐक, आधी जेव.’ प्रत्येक झ उलटा. पहिलीत असताना मी तुला लिहायला शिकवलं, तेव्हा मीच तो चुकून तसा शिकवला होता. मला बाईंनी सुधारलं, तू मात्र अजून तसाच काढतेस. असा झ दुसरं कोण काढणार?

ग्रंथपाल हसले. “अहो ताई, पुस्तकं कोरी आहेत, पहिल्या वाचक तुम्हीच. भुतं वाचत असतील तर त्यांनाही वर्गणी लावतो.” मीही हसले.

परवा चौथी आणली. सगळी पानं चाळली. समासात एक अक्षर नाही. तेव्हापासून रोज घरी फोन लावते आहे.

तुझा खोकला कसा आहे? फोन केला की बाबा म्हणतात, “बरी आहे, झोपलीय.” तीन दिवस तू झोपलेलीच कशी?

रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि होकाराची वाट न बघता घराकडे निघाले. हे गाडीत बसून लिहिते आहे. अर्धी वाट मागे पडली आहे.

तुझीच,
थोरली