हसनाबादचे दुबार लग्न आणि माझ्या स्टुडिओचा वारस

मी, भागवत किसनराव अंभोरे, वय चौसष्ट, धंदा फोटोग्राफी, मूळ गाव टेंभुर्णी, हल्ली राहणार जुना जालना, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉ. अरुंधती परतूरकर यांनी आज तपासून तसा दाखला दिला आहे. माझी पत्नी द्वारकाबाई हिचे मत वेगळे आहे, पण ती डॉक्टर नाही. माझ्यावर कोणाचा दाब नाही. मेव्हणे राजानंद यांनी टाकून पाहिला; त्यांचे पुढे येईलच.

१. राहते घर, दागिने व बँकेतील ठेव द्वारकाबाईला. मुलांनी कितीही गोड बोलून कागद पुढे केला तरी तिने हयातीत सही करू नये.

२. टेंभुर्णीची माझ्या वाट्याची जमीन चिरंजीव कल्याणला. तो पुण्यात नोकरीला आहे व शेती करणार नाही, हे मला ठाऊक आहे; निदान गावाकडे जायला निमित्त राहील. स्टुडिओ त्याला देत नाही. "पप्पा, आता सगळ्यांकडे मोबाईल आहे, गाळा भाड्याने द्या," असे तो म्हणतो. त्याच्या पासपोर्टसाठी मोबाईलवर काढलेला फोटो परत आला, तेव्हा तो याच गाळ्यात येऊन मुकाट्याने स्टुलावर बसला होता.

३. स्टुडिओचा गाळा, कॅमेरे, लेन्स, दिवे व नाव हे सर्व कन्या शीतलला. राजानंद म्हणतात, "दाजी, पोरगी सासरी जाईल, मंग स्टुडिओ बी जाईल." म्हणून मागे कोणी कोर्टात जाऊ नये यासाठी कारण सविस्तर लिहितो.

राजानंद पूर्वी माझे भागीदार होते. हसनाबादच्या रामराव साबळे यांच्या मुलीचे, साधनाचे, लग्न आम्ही फोटोसाठी घेतले होते. ऐनवेळी मला डेंग्यू झाला. दवाखान्यातून मी राजानंदला एकट्याला पाठवले. त्यांनी लग्न झकास काढले म्हणे. म्हणे, कारण ते कोणी पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुतण्याचे जावळ होते. कॅमेऱ्याच्या कार्डात जागा नाही म्हणून त्यांनी फोटो कुठेही उतरवून न घेता कार्ड साफ केले. खटपट करून जे परत मिळाले, त्यात जिलबीचे ताट, एक बैल आणि राजानंदचा स्वतःचा अंगठा एवढेच निघाले.

मी पलंगावरून म्हणालो, पैसे परत करा आणि हात जोडा. राजानंदने फोन बंद करून ठेवला. शीतल तेव्हा कॉलेजात होती. ती एकटी एसटीने हसनाबादला गेली आणि रामरावांना जे झाले ते सरळ सांगितले.

रामरावांनी तिला बसायला सांगितले. मग म्हणाले, "पोरी, पैसे घेऊन काय करू? माझ्या मायचा एक बी फोटो न्हाई घरात. या लग्नात तेवढा निघल म्हणून बसल्तो."

त्यांची आई सोनूबाई आतल्या खोलीत अंथरुणाला टेकलेली होती.

शीतल म्हणाली, "मंग परत काढू, काका. सगळंच."

"लगीन परत?"

"फोटोपुरतं."

नवरा-नवरी मांडवपरतणीला येणार होते, तोच दिवस धरला. नवऱ्याची आई येईना. शीतलने तिला फोन केला, "मावशी, तुमची पैठणी कोणालाच दिसणार न्हाई मंग." बाई सर्वांच्या आधी हजर. भटजी म्हणाले, एकाच जोडप्याला दोनदा मंगलाष्टके म्हणता येत नाहीत. त्यांनी नुसते ओठ हलवले. साधना लाजेना. आंतरपाटाआडून ती नवऱ्याला सांगत होती, "नीट उभं राहा ना!"

पाठवणीला गाडी अडली. रामरावांना रडू येईना.

"पोरगी खुश दिसून राह्यली, रडू कुठून आणू?"

तेवढ्यात मांडवात आणून ठेवलेल्या बाजेवरून सोनूबाई ओरडल्या, "सरक तिकडं, मी रडते! माझा काढ!"

सगळा मांडव हसला, सोनूबाईही हसल्या, आणि शीतलने तो फोटो काढला. सोनूबाई पुढची संक्रांत पाहू शकल्या नाहीत. रामरावांच्या घरात दारासमोर तोच फोटो आहे, दात नसलेले तोंड भरून हसताना.

सबब स्टुडिओ शीतलचा.

४. त्यानंतर शीतलने स्टुडिओत नियम लावले व पहिल्यांदा मलाच लावले. ते पुढेही पाळावेत. फोटो दोन ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्डाला हात नाही, आणि त्यातली एक जागा घरी. दुसरा कॅमेरा आणि भरलेल्या बॅटऱ्या सोबत. काय काढायचे, अल्बम कधी द्यायचा, हे आधीच कागदावर, दोघांच्या सहीने. यजमान सख्खा चुलता असला तरी बिलकुल सूट नाही. मांडवात शिरताच घरातली म्हातारी माणसे कोण ते विचारून त्यांचे फोटो आधी काढावेत. कॅमेरा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. कोणाच्या मुलीचा फोटो विचारल्याशिवाय जाहिरातीला लावू नये.

५. राजानंदने "भाचीनं धंदा हिसकावला" असे जालनाभर सांगितले. तरी नाते तुटू नये म्हणून फोटोमागे लावायचा काश्मीरच्या तळ्याचा रंगवलेला पडदा त्यांना द्यावा. सोबत ते कार्डही द्यावे. अजून साफच आहे.

६. माझा मृत्यू लग्नसराईत झाला आणि त्या दिवशी शीतलने कोणाची तारीख घेतलेली असेल, तर तिने ते काम आधी पुरे करावे. लोकांचा मुहूर्त थांबत नाही. मला कुठे जायचे नाही. अग्नी तिनेच द्यायचा आहे, कल्याणची याला संमती आहे, तेव्हा सर्वांनी तिची वाट पाहावी. उन्हाळा असेल तर बर्फ जादा आणावा.

शीतल, मांडवात कोणाला काही सांगू नकोस. रडू आले तर मांडवामागे जा, तोंड धू आणि परत ये. आणि तिथूनच जेवून निघ. त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटलेली नसेल.

वरील मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांदेखत सही केली.

भागवत किसनराव अंभोरे (सही)

साक्षीदार, आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
१) डॉ. अरुंधती परतूरकर (सही)
२) भालचंद्र अंबेकर, शेजारचे कापड दुकान (सही)

ठिकाण: जुना जालना
दिनांक: ९ मार्च २०२५