छत्तीसचा रोल

१ जानेवारी १९९४, शनिवार

नवीन वर्षाचे संकल्प. सकाळी आठला स्टुडिओ उघडणे. तंबाखू बंद. चंद्रभानचं नाव तोंडातून काढायचं नाही.

आज साडेदहाला उघडला. पहिलाच दिवस, चालतंय.

चंद्रभानने (नाव निघालं, उद्यापासून नाही) एस.टी. स्टँडसमोर पाटी लावलीय, 'अर्ध्या तासात फोटो'. अर्ध्या तासात भजी मिळतात. फोटोला धुवायला, वाळवायला टाइम लागतो. हा बाबा दोन फोटो निघाले की अंधारात रोल कापतो, तेवढा तुकडा धुतो आणि देतो हातात. एकवीस वर्षं या लाइनीत आहे, मी एकदाही रोल कापलेला नाही. छत्तीस फोटो पूर्ण झाले की मगच रोल बाहेर. जिंतूरच्या लोकांना क्वालिटी कळते.

५ जानेवारी

गिऱ्हाईक दोन. दोघांनीही कधी मिळेल ते विचारलं. खरं ते सांगितलं, आठ-पंधरा दिवस. 'येतो' म्हणून गेले. येतील.

स्टुडिओला बायकोचं, सत्यशीलाचं नाव दिलंय, तेव्हापासून तिला सल्ला द्यायचा हक्कच मिळालाय. म्हणे, कुणाला फॉर्म भरायचा असतो, कुणाला गाडी गाठायची असते, पंधरा दिवस कोण थांबणार. तिचा विचार वरवरचा आहे. लोकांना थांबायचा त्रास नसतो, उभं राहून थांबायचा असतो. आपल्याकडे बसायला जागा नाही, हीच काय ती कमी.

९ जानेवारी

बाक आला. सागवानी, पाठ टेकायला फळी. बाजूला रेडिओ, जुने दिवाळी अंक. वर पाटी रंगवून घेतली, 'चांगल्या कामाला वेळ लागतो. कृपया बसा.'

आता बघू म्हणावं.

११ जानेवारी

लय झकास. दिवसभरात बाकावर अकरा जण बसले! सत्यशीलाने चौकशी केली. नऊ जण चंद्रभानकडचे फोटो व्हायची वाट बघत होते, दोघं येलदरीच्या गाडीची. हरकत नाही. पायाला आपल्या दुकानाची सवय तर लागली.

१४ जानेवारी, शुक्रवार, संध्याकाळ

नामांतर झालं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. भीमनगरात हलगी, निळा गुलाल, पेढे. चारच्या सुमाराला नागनाथ गुरुजी सुलाबाईंना घेऊन स्टुडिओत आले. चौथीला मला शिकवायला होते. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत खेड्यावरचं त्यांचं घर जाळलं, त्यात लग्नाचा फोटोही गेला. तेव्हापासून इथं जिंतुरात राहतात आणि दोघांचा मिळून एकही फोटो नाही. गुरुजींचं ठरलेलं होतं, दोघांचा पुढचा फोटो नामांतराच्या दिवशीच.

लोक त्यांना चंद्रभानकडे चला म्हणत होते. गुरुजी म्हणाले, माझ्या दत्तूकडंच काढायचा. छाती फुगली माझी.

मागे निळा झेंडा लावला. सुलाबाई कॅमेऱ्याकडे बघायलाच तयार नाहीत, तोंडाला पदर लावून हसायल्या. गुरुजींनी सगळ्यांदेखत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात मी बटन दाबलं. असा फोटो वर्षात एखादाच सापडतो. कलर रोलवरचा बाविसावा. चौदा उरले.

कधी मिळेल म्हणाले. मी आठ दिवस सांगितले.

"सोळा वर्षं थांबलो रे," गुरुजी म्हणाले, "आठ दिवस काय!"

हे वाक्य पाटीवर घ्यावं म्हणतो.

२४ जानेवारी

गुरुजी येऊन गेले. पुढच्या आठवड्यात म्हणालो. तासभर बाकावर बसले, दिवाळी अंक वाचला. खोकला झालाय. बाक त्यांना आवडला.

सत्यशीला म्हणाली, चौदाच उरलेत ना, मग माझे काढून टाका. लग्नाला वीस वर्षं झाली, एक फोटो काढला नाहीत माझा. मी म्हणालो, कलर रोल असा उधळायचा नसतो. तेव्हापासून गप्प आहे. बायकांना धंद्यातलं कळत नाही.

२ फेब्रुवारी

गुरुजी पुन्हा. चालत आले, धाप लागलेली. नुसता बघू तरी दे म्हणाले. अजून रोल कॅमेऱ्यातच आहे हे त्यांना कसं सांगणार? 'लॅबला गर्दी आहे' म्हणालो. खोटं नाही, लॅबला गर्दी असतेच.

ते गेल्यावर सत्यशीलाचं सुरू. रोल कापा, परभणीच्या गाडीत कंडक्टरजवळ द्या, उद्या संध्याकाळी फोटो येतो. कलर असला की चंद्रभानही तेच करतो म्हणे. शांतपणे समजावलं. एक तर तत्त्वाचा प्रश्न आहे. दुसरं म्हणजे वीस तारखेला बागायतदार आबासाहेबांच्या मुलीचं लग्न आहे. ऑर्डर आपल्यालाच, त्यांच्या थोरल्याचं लग्न मीच केलंय. चौदा फोटो तर अक्षतांच्या आतच संपतील.

आणि सोळा वर्षं थांबलेल्या माणसाला अठरा दिवस म्हणजे काय?

१२ फेब्रुवारी

आज सुलाबाई एकट्याच आल्या. गुरुजी अंथरुणावर आहेत. वीस तारीख सांगितली. 'बरं' म्हणाल्या. बाकावर बसा म्हणालो, तर बसल्या नाहीत.

तंबाखू परत सुरू. टेन्शनमुळे.

१८ फेब्रुवारी

आबासाहेबांचा माणूस आला होता. लग्नाचे फोटो चंद्रभान काढणार, तो दुसऱ्या दिवशी अल्बम देतो. थोरल्याच्या लग्नाचा अल्बम माझ्याकडून आला तेव्हा त्याला मुलगी झाली होती म्हणे. एवढंही काही लांबलं नव्हतं. मुलगी सातव्या महिन्यात झाली होती.

वाईट वाटून घेतलेलं नाही. जमीन असली म्हणून माणसाला नजर असतेच असं नाही.

गुरुजींचा रोल उद्या काढतो, तत्त्व राहिलं बाजूला. उद्या शनिवार. नको, सोमवारी नक्की.

२३ फेब्रुवारी, बुधवार

नागनाथ गुरुजी पहाटे गेले.

सोमवारी माझं डोकं दुखायलं होतं.

२४ फेब्रुवारी

पहिल्या गाडीने परभणीला. चौदा कोरे ठेवून रोल गुंडाळला होता, कापायचीसुद्धा गरज पडली नाही. लॅबला गर्दी नव्हती. दीड वाजता फोटो हातात. लॅबवाला म्हणाला, एवढा चांगला फोटो निघाला, मग पुढचे चौदा कोरे का सोडले? पैसे दिले आणि स्टँड गाठला.

परत येताना बोरीपर्यंत फोटो बघत बसलो. झेंड्याचा निळा रंग जसाच्या तसा आलाय. सुलाबाईंचा पदर तोंडावरून थोडा घसरलाय आणि गुरुजी हसायलेत. चौथीच्या वर्गात त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. पुढे बघवलं नाही. खिडकीकडे तोंड करून रडलो.

२५ फेब्रुवारी

फ्रेम करून भीमनगरात नेला. भिंतीवर हार घातलेला एक फोटो होताच. पेन्शनच्या कार्डावरचा मोठा केलेला. चंद्रभानचं काम, नाकडोळे पुसट. एरवी काहीतरी बोललो असतो.

सुलाबाईंनी माझी फ्रेम मांडीवर घेतली. रागावतील असं वाटलं होतं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रोज इचारायचे," म्हणाल्या, "दत्तूकडून फोटो आला का म्हणून. मी म्हणायची, येईल. शेवटी म्हणले, आता तूच बघ आन् मला सांग, कसा आलाय."

मग भिंतीवरच्या त्या पुसट फोटोकडे तोंड करून त्यांनी सांगितलं, "लय चांगला आलाय."

स्टुडिओपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं, चप्पल त्यांच्या दारातच राहिली.

४ मार्च

पाटी काढली. बाक विकून टाकला. चंद्रभानने नेला. चांगला उचलून बघितला आणि सागवानी आहे म्हणाला. एवढं बरोबर बोलला.

सत्यशीलाला म्हणालो, चल, तुझे फोटो काढतो, लगेच धुवून आणतो. आता नको म्हणाली.

११ मार्च, शुक्रवार

जिनिंग फॅक्टरीत टाइमकीपरची जागा निघालीय. फॉर्म दुपारी दोनपर्यंत द्यायचा होता, दोन पासपोर्ट फोटोंसकट. आपल्याकडे काढायचा तर हातात दिवस कुठं होता? साडेबाराला चंद्रभानकडे गेलो. त्याने काही विचारलं नाही, काढला. अर्धा तास बसा म्हणाला. बाक माझाच.

एक वाजता लाइट गेली. फोटो पावणेदोनला मिळाला. सव्वा तास. सहा वेळा उठलो, चार वेळा विचारलं. एकदा आवाज चढला. दुसरं दुकान असतं तर सरळ निघून गेलो असतो. बाक चांगला आहे, पाठ टेकते, पण त्याचा काही उपयोग होत नाही.

चौदा जानेवारी ते तेवीस फेब्रुवारी, चाळीस दिवस. गुरुजी एकदाही माझ्यावर चिडले नाहीत.

फॉर्म दिला. फोटो बरा आलाय. फक्त घाईत असल्यासारखा दिसायलोय.